आधी कोणत्या बेडपाशी जाशील?

‘प्रिय ताई,

मी गेल्या वर्षी बीएस्सी नर्सिंग झाले. चारही वर्षं कॉलेजात पहिली होते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली आणि अकरा महिने पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत ड्युटी करतेय. अमेरिकेत नर्सिंगचा परवाना मिळवण्यासाठी लागणारी एनक्लेक्स ही परीक्षा दिली. ८५ प्रश्नांनंतर कॉम्प्युटर बंद झाला. क्लासमध्ये सांगितलं होतं, ८५ला बंद झाला की पास. मी पेढे घेऊनच रूमवर आले. दोन दिवसांनी कळलं, नापास. नंतर रिपोर्ट आला. औषधांच्या भागात मी पासाच्या रेषेच्या वर आहे; मॅनेजमेंट ऑफ केअर (आधी कुणाकडे जायचं, कुणाला काय सोपवायचं) आणि मानसिक-सामाजिक भागात खाली. क्लासवाले म्हणतात, आणखी चाळीस हजार भर, या महिन्यात आलेले खरे प्रश्न देतो. पास झालीस की आठ महिन्यांत अमेरिकेत पोचवतो. बाबांनी गावच्या सोसायटीतून कर्ज काढलंय, ऊसबिलावर फेडू म्हणाले होते. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आई म्हणते, आता स्थळं बघू.

निकालाच्या दुसऱ्या रात्री सात नंबर बेडच्या आजोबांना धाप लागली, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८४वर आलं. मी बेडचं डोकं वर केलं, ऑक्सिजन लावला आणि आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोन केला. ते आल्यावर सगळ्यांसमोर ओरडले, ऑर्डर नसताना का लावला? तेव्हापासून वाटतंय, मला ना परीक्षा जमली ना काम. परत देऊ की सोडून देऊ?

— एक वाचक, वाळवा तालुका’

प्रिय मुली,

पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू शेवटी आणि रडत लिहिली आहेस. मी तिथूनच सुरुवात करते.

सात नंबरचे आजोबा हा एनक्लेक्सचा प्रश्न आहे. अगदी तसाच येतो. पेशंटला धाप लागली आहे, सॅच्युरेशन घसरलं आहे. नर्सने सर्वांत आधी काय करावं? पर्यायांत डॉक्टरांना कळवणं असतं, एक्स-रेची तयारी असते, नातेवाइकांना बाहेर पाठवणं असतं आणि बेडचं डोकं वर करणंही असतं. भर रात्री, कुणी पर्याय समोर न ठेवता, तू बरोबर उत्तर दिलंस आणि क्रमही बरोबर लावलास. आधी हाताने जे करता येतं ते केलं, मग फोन. आरएमओंच्या रागाला हॉस्पिटलच्या नियमांची बाजू असेल, तर ती लेखी हवी. इन्चार्ज सिस्टरांकडे जा आणि शांतपणे विचार, ‘आपल्याकडे ऑक्सिजनची स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे डॉक्टर येण्याआधी लावायची आधीच दिलेली लेखी परवानगी, आहे का? नसेल तर लिहून घेऊ या का?’ आणि एक तपासून घे: आजोबांना जुना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, होता का? तसं असेल तर सॅच्युरेशन ८८ ते ९२च्या दरम्यान ठेवायचं असतं, १००च्या मागे लागायचं नसतं. ही पुढची पायरी झाली. तुझी पहिली पायरी चुकली नव्हती.

मग परीक्षेत काय झालं? हे नीट सांगायला हवं, कारण क्लासने तुला चुकीचं सांगितलं आणि त्या चुकीमुळे निकालाचा धक्का दुप्पट बसला.

ही परीक्षा प्रत्येकाला वेगळी येते. किराणा दुकानातला जुना तराजू आठव. दुकानदार एक वजन टाकतो, पारडं कुठे झुकतं ते बघतो, मग मोठं किंवा छोटं वजन टाकत नेमकं माप गाठतो. कॉम्प्युटर तेच करतो. उत्तर बरोबर आलं की जरा अवघड प्रश्न, चुकलं की जरा सोपा. तुझं माप पासाच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की तो थांबतो. सध्या कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात, वेळ पाच तास. त्यातले १५ प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी आजमावून बघायचे असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कोणते, हे कळत नाही. म्हणजे ८५ला थांबणारे दोन प्रकारचे असतात: रेषेच्या स्पष्ट वर असलेले आणि स्पष्ट खाली असलेले. ८५ला थांबला म्हणजे पास, हा निव्वळ गैरसमज आहे.

तू स्पष्ट खाली होतीस. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही. थोडक्यात हुकलीस असं म्हटलं, तर तू पुन्हा तसाच अभ्यास करशील आणि पुन्हा तिथेच थांबशील. पण खाली का होतीस, ते तुझ्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं आहे. औषधांत वर. म्हणजे पाठ करण्याचं काम तू चोख केलंस. मॅनेजमेंट ऑफ केअर आणि मानसिक-सामाजिक भागात खाली. हे दोन्ही भाग पाठ करून येत नाहीत. आपल्या कॉलेजात ते नावापुरते शिकवतात आणि आपल्या वॉर्डात तर कितीदा उलटेच शिकवले जातात. पहिला भाग तर या परीक्षेतला सगळ्यात मोठ्या वाट्याचा.

तू चार वर्षं विद्यापीठाचे पेपर लिहिलेस: व्याख्या लिहा, कारणे लिहा, नर्सिंग केअर प्लॅन मांडा. जेवढं लिहिशील तेवढे गुण. आपल्याकडे पदवी मिळाली की कौन्सिलमध्ये नोंदणी होते. कामाला लागण्याआधी आणखी एक परीक्षा, असा टप्पा तू कधी पाहिलेलाच नाहीस. अमेरिकेत कॉलेज पदवी देतं आणि राज्याचं नर्सिंग बोर्ड परवाना देतं. दोघांचे प्रश्न वेगळे. कॉलेज विचारतं, तुला काय काय येतं? बोर्ड विचारतं, ही मुलगी उद्या एकटी वॉर्डात उभी राहिली तर तिच्या हातून कुणी मरणार तर नाही ना? परवान्याच्या परीक्षेचा सगळा अर्थ एवढाच आहे.

म्हणून एक प्रश्न तुझ्यापुढे ठेवते. आधीच्या शिफ्टच्या सिस्टरकडून ओव्हर घेतलीस, चार पेशंट तुझ्याकडे आले. एकाचं काल हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुखणं दहापैकी आठ म्हणतोय, सारखी बेल वाजवतोय. दुसरीची शुगर २१० आहे, इन्सुलिनची वेळ झाली आहे. तिसऱ्याला दमा आहे. मघापर्यंत छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आता आवाज बंद आहे आणि तो पेंगतोय. चौथ्याला डिस्चार्ज हवाय, मुलगा काउंटरवर हात आपटतोय. आधी कुणाकडे जाशील?

आपल्या वॉर्डात आधी काउंटरवरचा मुलगा शांत केला जातो, मग बेलवाला. आवाज जास्त त्याला सिस्टर आधी. तू तशी नाहीस, पण वातावरण अंगात भिनतं. उत्तर तिसरा आहे. दम्याच्या पेशंटची शिट्टी थांबून तो पेंगायला लागला, तर तो बरा झालेला नसतो. हवा आत जाणंच बंद होत आलेलं असतं. चौघांत सगळ्यात गप्प तोच आहे आणि सगळ्यात आधी तोच जाणार आहे. दम्याचं शरीरशास्त्र तुला तोंडपाठ असेल. परीक्षेला ते गरजेचं आहेच, पण गुण मिळतात ते त्या गप्प माणसाकडे तुझे पाय वळले तर.

आता माझी गोष्ट. ही मी सदरात आजवर लिहिलेली नाही.

मी मुंबईतल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात आठ वर्षं काम करून १९९४ साली अमेरिकेला गेले. तेव्हा भारतात बसून एनक्लेक्स देता यायची नाही. इथे आधी पात्रता परीक्षा द्यायची, मग तिकडे जाऊन खरी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती कागदावरून कॉम्प्युटरवर आली होती. तोवर ती वर्षातून दोनदाच व्हायची आणि दोन दिवस चालायची. मी नापास झाले. आठ वर्षांचा अनुभव, हाताखाली चाळीस बेडचा वॉर्ड, आणि नापास. पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागणार होतं. घरी पैसे पाठवायचे होते म्हणून एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागले. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं. मुंबईत ज्यांना मी हाक मारायची त्या आमच्या वॉर्डातल्या मावशींचं काम मी करत होते आणि मला सांगायला तिथली रजिस्टर्ड नर्स होती.

त्या तीन महिन्यांत जे शिकले ते पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं नव्हतं. ती नर्स मला बीपी घ्यायला सांगायची, पण ज्या बाईंना सकाळी चक्कर आली त्यांचं स्वतः घ्यायची. जेवण भरवायला सांगायची, पण पक्षाघातानंतर पहिल्यांदाच तोंडाने खाणाऱ्या आजोबांना माझ्याकडे सोपवायची नाही. आधी त्यांना गिळता येतं का ते तपासून घ्यायची. कुणाला इन्सुलिन कसं टोचायचं हे शिकवायचं असेल तर स्वतः खुर्ची ओढून बसायची. तपासणं, शिकवणं आणि पेशंटला फरक पडला का ते ठरवणं, या तीन गोष्टी तिने कधी कुणाला दिल्या नाहीत. पेशंट स्थिर आहे आणि काम ठरलेल्या पद्धतीचं आहे, तेवढंच खाली द्यायची. मॅनेजमेंट ऑफ केअरमधले कुणाला काय सोपवाल हे प्रश्न मला त्या नर्सकडे बघून सुटले.

तुझ्याकडे हे समोरच आहे. आयसीयूतल्या मावशी आणि मामांना तू रोज कामं सांगतेस. आजपासून प्रत्येक वेळी मनात विचार: हे मी का दिलं? उद्या यातून काही बिघडलं, तर बिघडतंय हे त्यांना कळलं असतं का? कळलं नसतं, तर ते काम तुझं होतं.

मानसिक-सामाजिक भागाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडच्या हुशार मुली तिथे हमखास घसरतात आणि त्याचं कारण त्यांचा चांगुलपणाच असतो. आपल्या वॉर्डात काय चालतं? बाईंना कॅन्सर आहे. नवरा दारात गाठतो, ‘सिस्टर, तिला सांगू नका हं, ती खचेल.’ आपण मान हलवतो. रात्री बाई हात धरून विचारतात, ‘सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?’ आपण म्हणतो, ‘काही नाही हो काकू, बऱ्या होणार तुम्ही. देवाचं नाव घ्या.’ आपण हे मायेने म्हणतो. मीही शेकडो वेळा म्हटलं आहे.

परीक्षेत हे उत्तर चूक आहे. खोटा धीर चूक. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच म्हणून निघून जाणं चूक. ‘असं का वाटतं तुम्हाला?’ हेही बहुतेकदा चूक, कारण ‘का’ म्हटलं की माणूस जाब विचारल्यासारखा आक्रसतो. निदान नर्सने स्वतः सांगून टाकणंही चूक, ते डॉक्टरांचं काम. मग बरोबर काय? जवळ बसणं आणि म्हणणं, ‘तुम्हाला काळजी वाटतेय असं दिसतंय. डॉक्टरांनी आतापर्यंत काय सांगितलंय ते मला सांगा.’ मग त्यांना जे जाणून घ्यायचं आहे ते डॉक्टरांपर्यंत पोचवणं, आणि नवऱ्याला नम्रपणे सांगणं की त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

ही केवळ अमेरिकेतली रीत आहे असं समजून पाठ करू नकोस. पाठ केलंस तर पुन्हा चुकशील. एखाद्या रात्री वॉर्डात करून बघ. मी परत आल्यावर नाशिकला एका नर्सिंग कॉलेजात शिकवत होते. मुलींना क्लिनिकलच्या वेळी हेच करायला लावायचे. पहिल्या दिवशी सगळ्या घाबरायच्या. पेशंट पाच मिनिटं सलग बोलला आणि मी फक्त ऐकलं, हे सांगताना नंतर त्यांचे चेहरे वेगळे असायचे.

आता अभ्यास. नियमाने ४५ दिवसांनी परत बसता येतं. तू ४५व्या दिवशी बसू नकोस. नाईट करत करत अभ्यास करायचा असेल तर तीन महिने धर. रोज चाळीस-पन्नास प्रश्न पुरेत, पण प्रत्येक उत्तराचं स्पष्टीकरण वाचायला प्रश्नापेक्षा दुप्पट वेळ दे, बरोबर आलेल्याचंही. चुकांची एक वही कर आणि दर चुकीपुढे लिही, माहीत नव्हतं, की माहीत असून घाईत चुकलं, की प्रश्नातला ‘आधी’ हा शब्दच नजरेतून सुटला. माझा अंदाज आहे की तुझी वही दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराने भरेल. अंदाज खरा निघाला तर नवीन पुस्तकं घेण्यात पैसे घालू नकोस.

आणि रोज ओव्हर घेतल्यावर दोन मिनिटं काढ. आपले बेड कोणत्या क्रमाने बघायचे ते तळहाताएवढ्या चिठ्ठीवर कारणासकट लिही. दोन तासांनी चिठ्ठी काढून बघ, क्रम बरोबर होता का. आयसीयूतल्या अकरा महिन्यांचा उपयोग इथे होईल. अमेरिकेतल्या नव्याने पदवी घेतलेल्या कितीतरी मुलींकडे एवढा अनुभव नसतो.

२०२३च्या एप्रिलपासून परीक्षेचं रूप बदललं आहे, ते तुला माहीत असेलच. पण एक गोष्ट क्लासमध्ये नीट सांगत नाहीत. एकाच पेशंटवर सहा-सहा प्रश्नांच्या केस येतात: नर्सच्या नोंदी, बीपी-पल्सचे आकडे, लॅबचे रिपोर्ट, सगळं वेगवेगळ्या टॅबमध्ये. हा आपला केसपेपरच आहे. त्यातलं काय महत्त्वाचं, त्याचा अर्थ काय, सगळ्यात धोक्याचं काय, काय करता येईल, काय कराल आणि केल्यावर फरक पडला का, या क्रमाने सहा प्रश्न जातात. आणि ‘लागू असतील ते सगळे निवडा’ प्रकारात आता सगळं उत्तर बरोबर नसलं तरी काही गुण मिळतात, पण चुकीची खूण बरोबरच्या खुणेचा गुण खाते. म्हणून शंका असेल तिथे सरसकट खुणा करत सुटू नकोस. मागे जाता येत नाही, प्रश्न सोडूनही देता येत नाही. एखादा प्रश्न फारच अवघड वाटला तर घाबरायचं कारण नाही; तराजूत मोठं वजन पडलंय, एवढाच त्याचा अर्थ.

औषधांत तू वर आहेस, तरी नावांकडे एकदा बघ. आपलं पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन आहे, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन. वजन पौंडांत आलं तर २.२ने भागून किलो कर. ताप फॅरनहाइटमध्येही दिलेला असतो, तो आपल्या सवयीचा आहे. परीक्षेच्या आदल्या दोन रात्री नाईट ड्युटी घेऊ नकोस; इन्चार्ज सिस्टरांना आत्ताच सांगून ठेव.

चाळीस हजारांच्या ‘खऱ्या प्रश्नां’बद्दल मी फार बोलणार नाही. देऊ नकोस. परीक्षेला बसताना तू प्रश्न बाहेर न सांगण्याच्या अटी मान्य केल्या होत्यास. त्या मोडणाऱ्याचा निकाल रोखला जाऊ शकतो आणि परवाना मागतानाही अडचण येऊ शकते. शिवाय प्रत्येकाला वेगळे प्रश्न येतात, हे आत्ताच पाहिलंस. दुसऱ्याच्या पेपरातले प्रश्न पाठ करून तुझ्या तराजूवर काही फरक पडत नाही. तेच पैसे परीक्षेच्या फीसाठी ठेव: २०० डॉलर, भारतात केंद्र घ्यायचं तर वर १५० डॉलर आणि कर. तीस हजारांच्या वर जातील. ‘खरे प्रश्न’ विकणारा माणूस तुला आठ महिन्यांत अमेरिकेत पोचवण्याचीही हमी देतोय. तीही तपासून बघू.

हे ऐकताना वाईट वाटेल, पण आज कळलेलं बरं. एनक्लेक्स पास झाल्याने परवान्याचा रस्ता उघडतो, व्हिसाचा नाही. नर्सेसना अमेरिकेत कायमचं राहण्यासाठी जो नोकरीचा वर्ग लागतो, त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. आज अर्ज टाकलास तर आठ महिन्यांत नंबर लागत नाही. म्हणून व्हिसासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षाही आत्ता घाईने देऊ नकोस. तिची मुदत दोनच वर्षं असते. मात्र हीच एनक्लेक्स कॅनडातल्या बहुतेक प्रांतांत २०१५पासून चालते. ऑस्ट्रेलियातही २०२०पासून भारतात शिकलेल्या नर्सेसना तीच द्यावी लागते, त्यानंतर तिथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा. तेव्हा तुझा अभ्यास वाया जाणार नाही, पण जायचं कुठे हे पुन्हा नव्याने ठरवावं लागेल. कुणाच्याही कागदावर सही करण्याआधी दोन गोष्टी बघ. भरती एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का? आणि करारात नोकरी मध्येच सोडल्यास किती पैसे भरायचे असं लिहिलं आहे? तो आकडा बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मग ठरवा.

परत दे की सोडून दे, असं विचारलं आहेस. परत दे. ऊसबिलासाठी नको, क्लासला दाखवायला तर नकोच. सात नंबरच्या आजोबांपाशी तू जे केलंस ते का बरोबर होतं, हे तुला स्वतःला ठामपणे सांगता आलं पाहिजे म्हणून दे. पुन्हा कुणी ओरडलं तर मान खाली न घालता कारण सांगता येईल. पुण्यातच राहिलीस तरी ते लागणार आहे.

आईचं म्हणणं. स्थळं बघायला तुझी ना नसेल तर बघू देत, परीक्षा आणि लग्न एकमेकांच्या आड येत नाहीत. फक्त कागदांची एक गोष्ट आईला आत्ताच सांग. परीक्षेच्या नोंदणीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षराअक्षराने जुळावं लागतं. नाही जुळलं तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी जाते. तुझी मार्कशीट, कौन्सिलची नोंदणी, सगळं माहेरच्या नावावर आहे. लग्न ठरलंच तर नाव बदलायचं की नाही, बदलायचं तर परवाना हातात आल्यावर, हे बोलणी चालू असतानाच स्पष्ट करा. लग्नानंतर घाईने पासपोर्ट बदलून मग दोन-दोन वर्षं प्रतिज्ञापत्रं करत फिरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

बाबांना फोनवर सांगू नकोस. पुढची सुट्टी लागेल तेव्हा गावी जा. रिपोर्टची प्रिंट ने आणि त्यांच्यासमोर ठेव: इथे वर आहे, इथे खाली आहे, खाली का आहे ते मला कळलं आहे, तीन महिन्यांनी परत बसतेय. अमेरिकेच्या रांगेचंही त्याच बैठकीत सांग, नंतर वेगळं नको. ते आधी गप्प बसतील. गप्प बसू देत. मग सोसायटीच्या हप्त्याची तारीख विचार आणि दर महिन्याला तुझ्या पगारातून किती टाकायचे तो आकडा दोघांनी मिळून वहीत लिहा. आजोबांची गोष्ट आईला सांग, तीही ऐकेल. तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तू घरी ती अजून कुणालाच सांगितलेली नाहीस.

तुझी,
ताई